हाकेला येण्याचे प्रशिक्षण (दत्तक कुत्रा)

हाकेला येण्याचे प्रशिक्षण म्हणजे ठरावीक शब्द, शिट्टी किंवा हाताची खूण मिळताच कुत्र्याने जे काही चालले असेल ते सोडून पालकाजवळ परत यावे, अशी सवय त्याला लावण्याची पद्धत होय. श्वान प्रशिक्षणात ही सवय सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची समजली जाते. उघडे राहिलेले दार, तुटलेला पट्टा किंवा वाहता रस्ता अशा प्रसंगी कुत्र्याचा जीव अनेकदा तिच्यावरच अवलंबून असतो.

रस्त्यावरून, निवारा केंद्रातून किंवा आधीच्या मालकाकडून सुटका होऊन आलेल्या दत्तक कुत्र्याच्या बाबतीत हे प्रशिक्षण वेगळ्या क्रमाने द्यावे लागते. लहानपणापासून घरात वाढलेल्या पिल्लाला माणसाजवळ जाणे सुखकर असते, हे गृहीत धरता येते. दत्तक कुत्र्याच्या बाबतीत नेमके तेच गृहीत धरता येत नाही. त्यामुळे येथे आज्ञापालनापेक्षा विश्वास आधी येतो.

संज्ञा आणि हाकेचे शब्द

मराठी भाषक प्रदेशात कुत्र्याला बोलावण्यासाठी 'यू यू', हाकलण्यासाठी 'हाड' आणि अंगावर सोडण्यासाठी 'छू' हे उद्गार पूर्वापार रूढ आहेत. महाराष्ट्रातील रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या कानावर यांतील पहिले दोन उद्गार पडलेले असण्याची शक्यता असते. 'यू यू' हा उद्गार त्याने खाणे घालणाऱ्या व्यक्तीकडून ऐकलेला असल्यास प्रशिक्षणाच्या प्रारंभी तो उपयोगी पडतो. मात्र वाटेने जाणारा कोणीही तोच उद्गार काढू शकत असल्याने कायमची हाक म्हणून तो सोयीचा नसतो.

हाकेसाठी निवडलेला शब्द छोटा, स्पष्ट आणि घरातील सर्वांनी सारखाच उच्चारण्याजोगा असावा, असे सांगितले जाते. 'ये' किंवा 'इकडे ये' हे शब्द घरात माणसांनाही दिवसभर उद्देशून वापरले जातात आणि कुत्र्याच्या दृष्टीने त्यांना काही अर्थ उरत नाही. कुत्र्याचे नाव आणि हाकेचा शब्द वेगळे ठेवणेही उचित मानले जाते. नावाने केवळ लक्ष वेधावे आणि हाकेच्या शब्दाने जवळ येण्याची सूचना मिळावी, असा त्यामागील हेतू असतो.

दत्तक कुत्र्याची पार्श्वभूमी

कुत्र्याच्या वाढीत साधारणपणे वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सामाजिक जडणघडणीचा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनग्रंथात या कालखंडाचे सविस्तर वर्णन आहे. या काळात माणसांचा सौम्य सहवास न मिळालेला कुत्रा पुढे अनोळखी व्यक्ती, आवाज आणि जागा यांना अधिक भितो.

भारतातील अनेक दत्तक कुत्रे हे गावठी, म्हणजे देशी कुत्रे असतात. त्यांपैकी काहींच्या कानाला खाच पाडलेली दिसते. प्राणी जन्म नियंत्रण कार्यक्रमात नसबंदी झाल्याची ती खूण असते. हा कार्यक्रम आधी २००१ च्या आणि आता २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार चालतो. त्यात कुत्र्याला पकडून, शस्त्रक्रिया व रेबीजची लस देऊन पुन्हा मूळ जागी सोडले जाते. कार्यक्रमाचा हेतू हिताचा असला, तरी कुत्र्याच्या अनुभवात माणसाचा पुढे आलेला हात आणि पकडले जाणे यांची सांगड बसलेली असू शकते. दगड, काठी आणि 'हाड' यांचा अनुभव त्यात मिसळतो. असा कुत्रा घरात प्रेमाने वावरू लागल्यानंतरही गळपट्ट्याकडे हात येताच मागे सरतो. त्याला हट्टी किंवा कृतघ्न समजणे ही नव्या पालकांची नेहमीची गफलत होय.

कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरील कुत्र्यांच्या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात, वारंवारच्या भेटींमध्ये अनोळखी व्यक्तीवर विश्वास बसण्यासाठी खाण्यापेक्षा कुरवाळणे अधिक परिणामकारक ठरल्याचे आढळले. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात अनोळखी माणसाने बोटाने दाखवलेली दिशा हे कुत्रे ओळखतात का, हे तपासले गेले. सुमारे निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत. जे आले, त्यांतील सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी दाखवलेल्या भांड्याकडे धाव घेतली. प्रशिक्षण न मिळालेल्या कुत्र्यालाही माणसाची खूण कळू शकते आणि जवळ न येण्यामागे बहुधा आकलनाचा अभाव नसून भीती असते, असा अर्थ यातून निघतो.

शास्त्रीय आधार

हाकेला येण्याची सवय दोन प्रकारच्या शिकण्यातून तयार होते. पहिला प्रकार अभिजात अभिसंधानाचा होय. इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांत खाद्याच्या आधी वारंवार मिळालेल्या संकेतानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागली. त्याचप्रमाणे हाकेच्या शब्दापाठोपाठ नेहमी काही सुखद घडल्यास तो शब्दच कुत्र्याला सुखद वाटू लागतो.

दुसरा प्रकार साधक अभिसंधानाचा होय. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या वर्तनाचा परिणाम समाधानकारक असतो ते वर्तन पुन्हा घडते, हा त्यांचा परिणामाचा नियम या प्रयोगांवर आधारलेला आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात याच विचाराला प्रबलनाच्या सिद्धान्ताचे रूप दिले. हाकेला येणे या वर्तनाचे प्रबलन झाले की ते दृढ होते आणि प्रबलन थांबले की हळूहळू त्याचे विलोपन होते.

डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेले तत्त्वही येथे उपयोगी पडते. प्राण्याला जे अधिक करावेसे वाटते, तेच कमी आवडत्या वर्तनाचे बक्षीस ठरू शकते, असे हे तत्त्व सांगते. झाडाचा वास घेण्यात रमलेल्या कुत्र्याने हाकेला यावे आणि लगेच त्याला पुन्हा त्याच झाडाकडे जाऊ द्यावे, हे त्याचे सोपे उदाहरण होय.

पद्धतींचा इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या श्वान प्रशिक्षणावर पोलीस आणि लष्करी कामाची छाप होती. जर्मनीतील कोनराड मोस्ट यांचे १९१० चे पुस्तक या परंपरेतील प्रभावी पुस्तक मानले जाते. त्यात बक्षिसाबरोबर दडपणाचाही वापर होता. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात बक्षिसावर आधारित प्राणी प्रशिक्षणाचा व्यवसाय अमेरिकेत सुरू केला. सागरी सस्तन प्राण्यांच्या प्रशिक्षक कॅरन प्रायर यांच्या १९८४ च्या पुस्तकानंतर ही पद्धत घरगुती कुत्र्यांच्या पालकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचली.

पूर्वतयारी

दत्तक कुत्र्याला नव्या घरात रुळायला वेळ लागतो. भेदरलेपण कमी होण्यास तीन दिवस, दिनक्रम कळण्यास तीन आठवडे आणि घर आपले वाटण्यास तीन महिने, असा एक ठोकताळा प्राणी-निवारा केंद्रांमध्ये सांगितला जातो. तो नियम नसून केवळ अंदाज आहे.

या काळात पुढील काळजी घेतली जाते.

* कुत्र्याला घराबाहेर नेताना गळपट्ट्याबरोबर अंगात नीट बसणारा हार्नेस घातला जातो. घाबरलेला कुत्रा मागे झटका देऊन सैल गळपट्ट्यातून मान सहज सोडवून घेतो.
* गळपट्ट्यावर पालकाचा दूरध्वनी क्रमांक असलेला बिल्ला लावला जातो. शक्य असल्यास पशुवैद्यकाकडून मायक्रोचिप बसवून घेतली जाते.
* दार उघडण्यापूर्वी कुत्रा कोठे आहे, हे पाहण्याची सवय घरातील सर्वांना लावली जाते. दूध घेताना किंवा कुरिअर स्वीकारताना दार उघडे राहते, तेव्हा कुत्रा निसटण्याचा धोका मोठा असतो.
* पशुवैद्यकीय तपासणीत श्रवणशक्ती आणि सांध्यांचे दुखणे यांकडेही लक्ष दिले जाते. ऐकू न येणारा किंवा चालताना वेदना होणारा कुत्रा हाकेला येत नसल्यास तो प्रशिक्षणाचा दोष नसतो.

कुत्रा हातातून खाऊ घेतो की नाही, हा तयारीचा चांगला निदर्शक समजला जातो. एरवी आवडणारे खाद्य समोर असूनही तो खात नसेल, तर बहुधा तो ताणाखाली असतो आणि ती वेळ शिकवण्याची नसते.

बक्षीस

हाकेसाठी रोजच्या जेवणापेक्षा अधिक आवडीचे खाद्य राखून ठेवले जाते. उकडलेल्या कोंबडीचे किंवा अंड्याचे तुकडे, पनीर, उकडलेले रताळे यांचा त्यासाठी वापर होतो. तुकडा हरभऱ्याएवढा पुरतो. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ कुत्र्याला विषारी असल्याने ते पूर्णतः वर्ज्य असतात. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या होतात, म्हणून तीही दिली जात नाहीत.

खाद्याशिवाय खेळ, धावणे, पाठ खाजवणे किंवा पुन्हा मोकळे सोडणे हीदेखील बक्षिसे ठरतात. कुरवाळणे कोणाला आवडते आणि कोणाला नुसते सहन होते, हे कुत्र्याच्या देहबोलीवरून ओळखावे लागते. मान वळवणे, ओठ चाटणे किंवा शरीर आखडणे ही नापसंतीची लक्षणे असतात.

प्रशिक्षणाचे टप्पे

सराव दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटे घेतला जातो. कुत्रा दहापैकी आठ-नऊ वेळा सहज येऊ लागला की पुढचा टप्पा सुरू होतो. सलग दोनदा अपयश आल्यास मागच्या सोप्या टप्प्यावर परत जाणे योग्य ठरते.

१. शब्दाची ओळख. कुत्रा घरात अगदी जवळ असताना हाकेचा शब्द उच्चारला जातो आणि तत्काळ खाऊ दिला जातो. या टप्प्यावर कुत्र्याकडून कशाचीही अपेक्षा नसते. क्रम मात्र पाळावा लागतो. शब्द आधी आणि खाऊ नंतर आला पाहिजे. खाऊ दाखवून मग बोलावल्यास कुत्रा शब्द न शिकता हाताकडे पाहायला शिकतो.

२. दोन-चार पावले. पालक थोडा दूर जाऊन आनंदी स्वरात एकदाच हाक देतो. भित्र्या कुत्र्यासमोर सरळ उभे राहून रोखून पाहणे टाळले जाते. बाजूला वळून उकिडवे बसणे किंवा दोन पावले मागे सरकणे त्याला निर्धोक वाटते.

३. गळपट्ट्याला स्पर्श. कुत्रा जवळ आल्यावर गळपट्ट्याला हलकेच हात लावून मग खाऊ दिला जातो. प्रारंभी नुसता हात जवळ नेणे, पुढे स्पर्श आणि नंतर क्षणभर धरणे असा क्रम ठेवला जातो. दत्तक कुत्र्याच्या बाबतीत हा टप्पा वगळणे महागात पडते. हातभर अंतरापर्यंत येऊन थांबणारा कुत्रा संकटाच्या वेळी न आलेल्या कुत्र्याइतकाच दूर असतो.

४. घरातील दोघांची हाक. दोन व्यक्ती वेगवेगळ्या खोल्यांतून आळीपाळीने बोलावतात. यामुळे हाक एकाच व्यक्तीशी निगडित राहत नाही.

५. बंदिस्त मोकळी जागा. कुंपण असलेले आवार किंवा मैदान निवडून हार्नेसला पाच ते दहा मीटर लांबीची दोरी बांधली जाते. लांब दोरी गळपट्ट्याला बांधल्यास धावत्या कुत्र्याच्या मानेला झटका बसून इजा होऊ शकते. दोरी हाताला गुंडाळली जात नाही. तिने कुत्र्याला ओढून आणले जात नाही, तर केवळ तो दूर निघून जाणार नाही एवढी खबरदारी घेतली जाते.

६. व्यत्ययांची भर. इतर कुत्रे, मांजरी, मुले, वाहने आणि कचऱ्यातील अन्न हे व्यत्यय एकेक करून आणि आधी बऱ्याच अंतरावरून आणले जातात. अंतर आणि व्यत्यय एकाच वेळी वाढवले जात नाहीत.

७. आंशिक प्रबलन. सवय पक्की झाल्यावर बक्षिसाचा प्रकार आणि प्रमाण बदलते ठेवले जाते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने टिकवलेले वर्तन सहजासहजी लोप पावत नाही, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. तथापि अवघड प्रसंगी आलेल्या कुत्र्याला बक्षीस कधीही चुकवले जात नाही.

संकटकाळची वेगळी हाक

काही प्रशिक्षक रोजच्या हाकेव्यतिरिक्त शिट्टी किंवा एखादा क्वचित वापरला जाणारा शब्द केवळ संकटासाठी राखून ठेवतात. त्यानंतर नेहमी सर्वांत उत्तम खाऊ दिला जातो. शिट्टीचा आवाज दूरवर जातो आणि घाबरलेल्या पालकाच्या आवाजातील कंप तिच्यात उतरत नाही.

नेहमीच्या चुका

हाकेचा अर्थ बिघडणे हे अपयशाचे प्रमुख कारण असते. आंघोळ, औषध, नखे कापणे किंवा खेळ संपवून घरी नेणे यांसाठीच हाक वापरली गेल्यास कुत्रा ती टाळू लागतो. अशा कामांसाठी कुत्र्याकडे स्वतः चालत जाणे श्रेयस्कर ठरते. मैदानावरील सरावात तर बहुतेक वेळा बोलावून, बक्षीस देऊन पुन्हा खेळायला सोडले जाते.

उशिरा परतलेल्या कुत्र्याला रागावणे ही दुसरी चूक होय. कुत्र्याच्या लेखी ती शिक्षा पळून जाण्याची नसून शेवटच्या कृतीची, म्हणजे परत येण्याची असते. तीच हाक लागोपाठ अनेकदा देत राहिल्यासही तिचे महत्त्व कमी होते. एखादा शब्द असा बिघडल्यास तो दुरुस्त करण्यापेक्षा नवा शब्द निवडून पहिल्या टप्प्यापासून आरंभ करणे सोपे जाते.

शिक्षा आणि विद्युत गळपट्टे

विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांचा वापर काही ठिकाणी हाक शिकवण्यासाठी केला जातो. वेल्समध्ये २०१० पासून अशा गळपट्ट्यांवर बंदी आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली. भित्र्या दत्तक कुत्र्याच्या बाबतीत विशेष धोका असा की, झटक्याची वेदना तो त्या क्षणी समोर असलेल्या व्यक्तीशी, मुलाशी किंवा दुसऱ्या कुत्र्याशी जोडू शकतो. भारतात प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

विशेष परिस्थिती

दिवाळीतील फटाके आणि मिरवणुकांतील ढोल-ताशे यांच्या आवाजाने प्रशिक्षित कुत्राही हाकेला प्रतिसाद देईनासा होतो. या दिवसांत त्याला आवाज कमी असताना, दुहेरी पट्ट्याने फिरवले जाते आणि मोकळे सोडले जात नाही.

वस्त्यांमध्ये रस्त्यावरील कुत्र्यांचे टोळीनिहाय क्षेत्र ठरलेले असते. तेथे मोकळा सुटलेला दत्तक कुत्रा पाठलागाच्या भीतीने दूर पळण्याचा संभव असतो. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला हाताची मोठी खूण, विजेरीचा झोत किंवा केवळ कंप देणारा गळपट्टा वापरून हेच टप्पे शिकवता येतात.

कुत्रा निसटल्यास

निसटलेल्या कुत्र्याचा पाठलाग केल्यास तो अधिक वेगाने पळतो. खाली बसणे, त्याच्याकडे न पाहणे, विरुद्ध दिशेने चालू लागणे किंवा ओळखीच्या खाऊच्या डब्याचा आवाज करणे अधिक उपयोगी ठरते. अत्यंत घाबरलेला कुत्रा काही काळ स्वतःच्या पालकालाही जवळ येऊ देत नाही. म्हणून शोध घेणाऱ्यांनी त्याला घेरू नये किंवा सर्वांनी मिळून हाका मारू नयेत, असे सांगितले जाते. दिसल्याची जागा आणि वेळ तेवढी कळवणे पुरेसे असते. परिसरातील सुरक्षारक्षक, कचरावेचक आणि कुत्र्यांना खाणे घालणाऱ्या व्यक्तींकडून खात्रीची माहिती मिळू शकते. शेवटच्या दिसलेल्या जागी त्याचे अंथरूण किंवा पालकाचा वापरलेला कपडा ठेवला जातो. रहदारी कमी झाल्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे, कुत्रा परतण्याचा संभव अधिक असतो. परत आल्यावर त्याला रागावले जात नाही.

कायदेशीर जबाबदारी

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी दक्षता न घेणे हा गुन्हा आहे. मुंबई आणि पुण्यासह अनेक शहरांत पाळीव कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो. रेबीजचे लसीकरण दत्तक कुत्र्यासही आवश्यक असते. हाकेला येण्याचे प्रशिक्षण झाले म्हणून सार्वजनिक रस्त्यावर कुत्र्याला पट्ट्याशिवाय नेण्याची मुभा मिळत नाही.

मर्यादा

कोणतेही प्रशिक्षण शंभर टक्के खात्री देत नाही. शिकारीची तीव्र प्रवृत्ती, जुनी भीती किंवा माजाचा काळ यांमुळे चांगली सवयही ऐनवेळी कमी पडू शकते. काही दत्तक कुत्र्यांना मोकळ्या जागी पट्ट्याशिवाय सोडणे कधीच सुरक्षित नसते आणि लांब दोरीवरचे फिरणे हीच त्यांची मोकळीक असते. अशा कुत्र्यांच्या बाबतीतही घरातल्या घरात हाकेला येणे, गळपट्टा धरू देणे आणि दाराशी थांबणे एवढे साधल्यास निसटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. भीती किंवा आक्रमकता तीव्र असल्यास पशुवैद्यक आणि अनुभवी वर्तनतज्ज्ञ यांचा सल्ला घेतला जातो.